पाठकोऱ्या कागदांवरची तक्रार

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी साडेसहा.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी एका गृहस्थांच्या अर्जातली "विनंति" दीर्घ करत होतो, तेव्हा ताई आमच्या टंकन-झेरॉक्सच्या दुकानात आली. कामाच्या वेळात ती कधी येत नाही. ती काम करते त्या नगरपरिषदेची इमारत रस्त्याच्या पलीकडेच आहे, तरी येत नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर तिने सांगितलं ते असं. ती जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर होती. रांगेत वीसेक माणसं. आमच्या प्रभागाचे सदस्य एका माणसाला घेऊन रांग सोडून पुढे आले आणि त्या माणसाच्या दाखल्यावरचं जन्मसाल दोन वर्षांनी कमी करून दे म्हणाले. ताई म्हणाली, मूळ नोंद दाखवा आणि रांगेत या. त्यावर सदस्य हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले: "भाड्याची आहेस, भाड्याची राहा. जास्त बोललीस तर दुसरी आणू."

रांगेतले दोघे हसले. ताईने ते मोजले होते.

मी वाक्य लगेच लिहून घेतलं. शब्द जसाच्या तसा राहावा म्हणून इथे पुन्हा लिहितो: भाड्याची.

(ही वही मालकाच्या दुकानातल्या बाद झालेल्या झेरॉक्सची आहे. एका बाजूला कुणाचा तरी कागद, दुसरी बाजू कोरी. पाठकोरे कागद फेकवत नाहीत. मी ते दोऱ्याने शिवतो.)

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई म्हणाली, तक्रार करायची. आई म्हणाली, "अठ्ठावीसला तुझा करार संपतोय. तेवढं नूतनीकरण होऊ दे, मग काय ते कर."

"मग पंधरा दिवस उलटून जातील," ताई म्हणाली. "नियम आहे. पंधरा दिवसांच्या आत."

"नियम तुला बरे पाठ."

"खिडकीवर बसून दुसरं काय करते मी?"

सदस्यांना ताई "पोस्टर" म्हणते, कारण चौकातल्या प्रत्येक खांबावर ते हात जोडून हसत असतात. आज ती पोस्टर म्हणाली नाही. "तो माणूस" म्हणाली.

आणखी एक. ताई महिनाभर परिषदेच्या मागच्या जिन्याने जात नाही, पुढून वळसा घालून जाते. मी विचारलं तर म्हणाली, गुडघा दुखतो. पुढच्या बाजूला उलट जास्त पायऱ्या आहेत. डॉक्टरला दाखव म्हटलं तर ऐकत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मसुदा तयार. चार परिच्छेद, प्रत्येकात एकच घटना, परिच्छेदांना क्रमांक. मालकाने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काय वेलांटी, आता थेट सदस्यावर? माझ्या दुकानाचा परवानाही परिषदच देते, एवढं लक्षात ठेव." मला सगळे वेलांटी म्हणतात, कारण गिऱ्हाइकाची वेलांटी चुकली की माझा हात थांबतो. नववीत शाळा सुटली, पण माझ्या हातून गेलेल्या अर्जात कुणी चूक दाखवलेली नाही. ताईने तेव्हा शुद्धलेखनाचं पुस्तक आणून दिलं होतं. त्याचं पहिलं पानसुद्धा मला पाठ आहे.

संध्याकाळी मसुदा हेडक्लार्क काकांना दाखवला. काका वडिलांचे स्नेही. वडील परिषदेत पहारेकरी होते. ते गेल्यावर ताईला खिडकीवर काकांनीच लावलं. परिषदेत येणारा प्रत्येक कागद त्यांच्या आवक टेबलावरूनच आत जातो, म्हणजे माणूस मोक्याच्या जागेवर आहे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून दोनदा वाचलं.

"उत्तम लिहिलंयस. फक्त हा शब्द. भाड्याची. बाळ, हा बोलीतला आहे. समितीपुढे जाणाऱ्या कागदात असा शब्द बरा दिसतो का? लेखी भाषेत भाडोत्री म्हणतात."

मी कोश उघडला. भाडोत्री आहे. भाड्याची नाही. मला माझीच लाज वाटली. शब्द जसाच्या तसा ठेवायचा हे मी ठरवलं होतं, पण अशुद्ध असेल तर तो शुद्ध करणं हे माझं काम आहे. बदलला.

काका म्हणाले, "ही प्रत ठेवतो माझ्याकडे, निवांत वाचतो." नोटरीसाठी दोनशेही दिले. माझ्याकडे पन्नासच होते. असा माणूस असावा.

सोमवार, १० फेब्रुवारी

नोटरीकडे ताईने प्रतिज्ञापत्रावर सही केली. मी म्हटलं, "एकदा वाचून घे." ती म्हणाली, "तू लिहिलंस ना? मग काय वाचायचं."

दुपारी सव्वाबाराला तक्रार दाखल केली. तीन प्रती. काकांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारून पोच दिली. शिक्का किंचित तिरका बसला, पण तारीख स्पष्ट आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ताईची खिडकी बदलली. तिला तळघरात जुन्या नोंदवह्यांना क्रमांक घालायला बसवलं आहे. तिथे खिडकीच नाही. ती म्हणाली, "बरंय, रांग नाही." रुमालात खोकली. वह्यांवर बोटभर धूळ आहे म्हणे.

कॅन्टीनच्या मावशी साक्षीदार आहेत. त्या दिवशी त्या चहाचा ट्रे घेऊन रांगेजवळच होत्या आणि त्यांनी वाक्य ऐकलं. आज मी चहा प्यायला गेलो तर म्हणाल्या, "पोरा, ऐकलं मी. देवाशप्पथ ऐकलं. पण गाळ्याचा करार जूनमध्ये संपतोय." आणि माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. चौथा चहा. मी लिहून ठेवतोय, देणार.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काही नाही. समितीत सात जण, सगळे निवडून आलेले सदस्यच. ताई म्हणाली, "म्हणजे परीक्षेचा पेपर वर्गमित्रांनी तपासायचा."

दोन अर्जांत चुका केल्या. मालकाने दाखवल्या. मालकाने!

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज एक गोष्ट चांगली झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

परिषदेचं झेरॉक्स मशीन बंद पडलं, म्हणून काकांच्या शिपायाने सदस्यांचं उत्तर प्रती काढायला आमच्याकडे आणलं. समितीसाठी सात, कार्यालयासाठी एक, ताईसाठी एक. ताईला नियमाने मिळणारच आहे, म्हणजे मी पाहिलं तर गैर नाही. तसंही मी मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. ती धंद्याची सवय आहे, नाहीतर लोकांच्या भानगडी डोक्यात घेऊन घरी जावं लागेल. अक्षरं शुद्ध होती. "भाडोत्री" हा शब्द तीन ठिकाणी आहे, तिन्ही ठिकाणी बरोबर. फक्त वर तारीख चुकली होती: ८ फेब्रुवारी. आमची तक्रारच १० ला दाखल झाली आणि सदस्यांना १३ ला मिळाली. तेव्हा ८ ला उत्तर कसं असेल? उघडच १८ चा १ राहिला होता. तोवर दोन प्रती निघाल्या होत्या. मी मशीन थांबवून काकांना फोन केला.

काकांनी तारीख मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "शाब्बास. तुझी नजर वडिलांवर गेली आहे. लाव तो एक. त्याच शाईने लाव."

मी काळ्या शाईने ८ च्या अलीकडे १ लावला. कुणाला कळणार नाही इतका बेमालूम. दोन प्रती बाद झाल्या, त्यांतल्या एकीच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहितो आहे.

समोरच्या पक्षाचा कागद असला तरी चूक ती चूक. मी दुरुस्त केली याचं समाधान आहे. समिती माझ्यासारखीच काटेकोर असेल तर ताईला न्याय मिळेल. काकांचा अशिर्वाद आहेच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताईने तिची प्रत कपाटावर ठेवली, वाचली नाही. म्हणाली, "तो काय लिहिणार ते मला माहीत आहे. मी समितीसमोर तोंडाने सांगेन. त्याच्याकडे बघून सांगेन." आरशासमोर उभी राहून ती ते वाक्य पुटपुटत होती. आई आत आल्यावर थांबली.

बुधवार, २६ फेब्रुवारी. दुपारी चार.

आज अक्षर वाईट येईल.

सुनावणी अकराला होती, पावणेबाराला संपली.

लांब टेबल, सात जण, मध्ये अध्यक्षबाई. आमच्या प्रभागाचे सदस्य बाजूच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले. अध्यक्षबाईंनी तक्रार मोठ्याने वाचली. तिसऱ्या परिच्छेदात "भाडोत्री आहेस, भाडोत्री राहा" हे वाक्य आलं आणि ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर होतो. तिने असं माझ्याकडे कधीच पाहिलेलं नाही. चीड नव्हती. नीट दिसत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

सदस्य उभे राहिले. "अध्यक्ष महोदया, माझ्या उत्तरात मी सविस्तर मांडलंय. या भगिनी कंत्राटावर आहेत. भाडोत्री म्हणजे कंत्राटी. कोश काढून बघा. मी वस्तुस्थिती सांगितली. आवाज थोडा चढला असेल, त्याची मला खंत आहे."

समितीतला एक जण म्हणाला, "मग मीही भाडोत्रीच. पाच वर्षांचा करार." सगळे हसले. सात जण. मीही मोजले.

ताई म्हणाली, "ते असं नाही म्हणाले. ते भाड्याची म्हणाले."

अध्यक्षबाईंनी प्रतिज्ञापत्र उचलून दाखवलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"शपथेवर एक शब्द आणि इथे दुसरा? बाई, दोन्ही खरे असतील तर आम्ही काय समजायचं? खोट्या प्रतिज्ञापत्राची कलमं माहीत आहेत ना तुम्हाला? मी तुमच्या भल्यासाठी विचारते."

मावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, ट्रेवर लक्ष होतं, कपांचा आवाज होता. खाली बघून म्हणाल्या.

निर्णय जागेवरच झाला. गैरवर्तन आढळत नाही. उभयतांनी सौहार्द राखावं. "सौहार्द" त्यांनी चुकीचं लिहिलं होतं. मला ते दिसलं, आणि अशा वेळी मला तेच दिसावं याची शिसारी आली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ताई भांडी घासते, पुसते, परत घासते.

संध्याकाळी मीच म्हणालो, "ताई, कोशात भाड्याची नव्हतं गं."

ती वळली. "कोशात मीही नाही. म्हणून मला बदलणार का?"

"काका म्हणाले, लेखी भाषेत..."

"काकांना नव्हता सांगितला मी तो शब्द. तुला सांगितला होता." मग खाली बसली. आई शेजारी गेली होती, तेवढ्यात ताई बोलली. "मागच्या जिन्यात त्याने मला दर विचारला होता. डिसेंबरात. दोनदा. मी कुणाला सांगितलं नाही, कारण तिथे कोणीच नव्हतं, कशाने सिद्ध करणार? मग त्या दिवशी तो वीस माणसांसमोर तोच शब्द घेऊन आला. मला वाटलं, आता सापडला. आता हा एक शब्द कागदावर आला की बाकी सगळं त्यातच आलं. आईला काही सांगायला नको, कुणाला काही समजवायला नको. आणि तू तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिलास."

गुडघा. मी डॉक्टर सुचवत होतो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

करार संपला. नूतनीकरण नाही. पत्र एका ओळीचं. शुद्धलेखन निर्दोष.

आई म्हणाली, "मी सांगितलं होतं," आणि मग स्वतःच रडली.

रविवार, २ मार्च

जेवलो नाही. मी दुकान सोडावं का? मी हाताने काही लिहूच नये का? तक्रार मी लिहिली नसती, ताईने स्वतःच्या मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिली असती, तर ती टिकली असती. तिची वेलांटी नेहमी चुकते. चुकलेली वेलांटी चालली असती. माझा बरोबर शब्द चालला नाही. हे कुणाला सांगू?

सोमवार, ३ मार्च. सकाळी सव्वादहा.

नियमावली तिसऱ्यांदा वाचली. निर्णयानंतर दहा दिवसांत पुनर्विचार मागता येतो, पण नवीन कागद असेल तरच. नवीन कागद कुठून आणू? मी फेब्रुवारीची पानं चाळत होतो. तीन तारखेला शब्द मी जसाच्या तसा लिहून ठेवलाय, पण ती माझीच वही, तिला कोण विचारतो.

वीस तारखेचं पान उलटलं. पाठीमागे काय आहे हे मी कधी बघत नाही, ती बाजू माझ्यासाठी वापरून झालेली असते. आज पाहिलं. सदस्यांचं उत्तर. वर तारीख ८ फेब्रुवारी. खाली सही. आणि पहिल्याच ओळीत: "तक्रारीत नमूद केलेल्या भाडोत्री या शब्दाबाबत..."

आठ तारखेला तक्रार अजून दाखलच नव्हती. आठ तारखेला भाडोत्री हा शब्द जगात दोनच ठिकाणी होता, माझ्या टेबलाच्या खणात आणि काकांच्या प्रतीत.

मी दोन वेळा दुरुस्ती केली. पहिल्यांदा ताईचा शब्द घालवला. दुसऱ्यांदा त्यांची तारीख झाकली. दोन्ही वेळा मला शाबासकी मिळाली.

बाकावर बसून राहिलो. मालक म्हणाला, "वेलांटी, गिऱ्हाईक आहे." मी म्हटलं, "असू दे." असं मी कधी बोललो नव्हतो. त्याने गिऱ्हाईक स्वतःच घेतलं.

मंगळवार, ४ मार्च

ताईला पान दाखवलं. आधी पुढची बाजू, मग मागची. दोन्ही बाजू तिने हळू वाचल्या. दुसऱ्या बाद प्रतीवर २१ तारखेची नोंद आहे, तीही.

"हे पान दिलंस तर तुझी दैनंदिनीही त्यांच्या हातात जाईल," ती म्हणाली. "एका बाजूला त्याची सही आणि दुसऱ्या बाजूला तू १ कसा लावलास ते. तू कागदात फेरफार केलास हे तुझ्याच हातचं."

"हो."

"मालक ठेवेल तुला?"

"नाही."

"काका?"

तिने वाटीतले डाळिंबाचे दाणे माझ्यापुढे सरकवले. पाच दिवसांत तिने मला दिलेली पहिली वस्तू.

"या वेळी मी सांगते, तू लिही," ती म्हणाली. "आणि मी वाचल्याशिवाय सही करणार नाही."

तिने सांगितलं, मी लिहिलं. मागचा जिनाही सांगितला. आई दारात उभी राहून ऐकत होती, ताई थांबली नाही. माझं वेगळं प्रतिज्ञापत्र मी लिहिलं: शब्द मी बदलला, कुणाच्या सांगण्यावरून बदलला, तारीख मी दुरुस्त केली, कुणाच्या सांगण्यावरून केली.

दुसरं पान ताईच्या ट्रंकेत कुलपात आहे.

बुधवार, ५ मार्च. दुपारी दोन.

आवक टेबलावर काकाच असतात, त्यामुळे दुसरीकडे देण्याची सोय नाही. ताई माझ्याबरोबर आली. पुढच्या दाराने नाही. म्हणाली, "मागच्या जिन्याने जाऊ." गेलो. एकवीस पायऱ्या आहेत. तिने कठडा धरला नाही.

काकांनी अर्ज वाचला. प्रतिज्ञापत्र वाचलं. मग पान उचललं. पुढची बाजू बघताना त्यांचा चेहरा मालक बिल तपासताना असतो तसा होता. मग त्यांनी ते उलटलं आणि मागची बाजू वाचायला लागले. ती वाचायला त्यांना फार वेळ लागला. रांगेतला एक जण म्हणाला, "साहेब, जेवणाची सुट्टी होईल."

काका हळू आवाजात म्हणाले, "मला तीन वर्षं राहिलीत रे निवृत्तीला. त्याने पेन्शनची फाईल अडवली तर..." ताई म्हणाली, "माझी शून्य राहिलीत, काका."

त्यांनी शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. पानाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आशीर्वाद चुकलाय, बाळ. पहिला आ हवा, शी दीर्घ."

मला ते काल रात्रीच दिसलं होतं. हात शिवशिवला होता. पेन उघडलंही होतं.

"असू द्या," मी म्हटलं. "जसाच्या तसा राहू द्या."

त्यांनी शिक्का मारला. या वेळी सरळ बसला.

मालकाने काढून टाकलं. बारा वाजून पन्नास मिनिटांनी. हिशेब असा:

खर्च
पहिल्या तक्रारीचं टंकन: ६०
तीन प्रती: १८
पहिली नोटरी: २५०
पुनर्विचाराचं शुल्क: ५००
माझ्या प्रतिज्ञापत्राची नोटरी: २५०
एकूण: १०७८

देणं
मालकाची उचल: ७००
मावशींचे चार चहा: ४०
काकांचे नोटरीसाठीचे: २००. पोचपावतीबरोबर टेबलावर ठेवले, त्यांनी घेतले नाहीत. तिथेच ठेवून आलो. म्हणजे फिटले.
एकूण बाकी: ७४०

वहीतली दोन पानं कमी. शिवण सैल झाली आहे.